आतड्यातले जिवाणू आणि वजन: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी बारा आठवड्यांचा आराखडा

वजन कमी करायचं ठरवून या विषयात शिरलं की सगळ्यात आधी दोन वस्तू समोर येतात: शौचाचा नमुना तपासणारं किट आणि अब्जावधी जिवाणूंचा दावा करणारी कॅप्सूल. दोन्हींवर पैसे घालवण्याआधी हे वाचा. आपल्या हातात खरोखर जे आहे ते रोजच्या ताटात आहे, आणि त्याला क्रम आहे. क्रम चुकला की पोट फुगतं, गॅस धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळंच सोडून दिलं जातं.

१. आधी अपेक्षा ठरवा

या विषयाला खरी गती मिळाली ती २००४ साली. पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये सर्वसाधारण उंदरांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी चरबी आढळली, तीही जास्त खाऊन. त्यांच्या पोटात सर्वसाधारण उंदरांचे जिवाणू सोडल्यावर दोन आठवड्यांत चरबी जवळपास ६० टक्क्यांनी वाढली आणि त्या काळात त्यांचं खाणं उलट कमी झालं होतं. २०१३ मध्ये एक सडपातळ आणि एक लठ्ठ अशा जुळ्या भावंडांचे जिवाणू उंदरांमध्ये सोडले गेले. लठ्ठ भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. दोन्ही गटांचे उंदीर एकत्र ठेवल्यावर सडपातळ भावंडाचे जिवाणू दुसऱ्या गटातही रुजले आणि चरबी वाढायची थांबली. मात्र हे घडलं ते उंदरांना कमी चरबीचा, भरपूर तंतूंचा (फायबरचा) आहार मिळत होता तेव्हाच. जिवाणू आणून सोडणं पुरत नाही, त्यांना खायलाही मिळावं लागतं. पुढचा सगळा आराखडा याच निरीक्षणावर उभा आहे.

माणसांमधला परिणाम उंदरांइतका ठळक नाही. सडपातळ दात्यांचे जिवाणू दिल्यावर शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद काही काळ सुधारल्याचं २०१२ मध्ये दिसलं, पण वजन उतरलं नाही. नंतरच्या चाचण्यांतही वजनाबाबत निराशाच झाली. आहाराच्या बाबतीत एक चांगला आकडा २०२३ मध्ये मिळाला. १७ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत काटेकोर मोजून दोन प्रकारचा आहार दिला गेला. एक मऊ, प्रक्रिया केलेला आणि दुसरा तंतू, न पचणारा स्टार्च आणि अखंड दाणे असलेला. दुसऱ्या आहारात रोज सरासरी ११६ किलोकॅलरी जास्त शरीराबाहेर गेल्या. व्यक्तिपरत्वे फरक मोठा होता.

महिन्याचा हिशोब साधारण ३,५०० किलोकॅलरी होतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, म्हणजे कागदावर महिन्याला अर्ध्या किलोच्या आत. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण शरीर जुळवून घेतं. ही मदत खरी आहे, पण ‘जिवाणू बदला आणि दहा किलो घटवा’ म्हणणारा माणूस काहीतरी विकतो आहे असं समजा.

इथे एक शंका हमखास येते. जिवाणू तंतू आंबवून त्यातून ऊर्जा काढतात आणि ती आपल्यालाच मिळते, मग तंतू खाल्ल्याने वजन वाढायला नको का? आंबवण्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात. त्यांतून मिळणारी ऊर्जा तंतूंच्या दर ग्रॅममागे सरासरी २ किलोकॅलरी धरतात. सहज पचणाऱ्या स्टार्चमधून ४ मिळतात. शिवाय काही ऊर्जा जिवाणूंच्या स्वतःच्या वाढीवर खर्च होते आणि ते जिवाणू शौचावाटे बाहेर जातात. हीच आम्लं आतड्यातल्या पेशींना जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं सोडायला लावतात. म्हणून तंतू कशाच्या जागी येतात यावर हिशोब ठरतो. आहे त्या जेवणात नुसती भर घातलीत तर कॅलरी वाढतीलच.

२. हाताशी काय लागेल

- १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा
- माणसांचा वजनकाटा आणि शिवणकामाची टेप
- एक वही. ॲप चालेल, पण पुष्कळ ॲपमध्ये तंतूंचे आकडे अपुरे असतात
- ब्रिस्टल तक्ता: शौचाचे सात प्रकार दाखवणारं चित्र. १ म्हणजे कडक गोळ्या, ७ म्हणजे पाण्यासारखं. ३ आणि ४ हे हवे असलेले प्रकार
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, न सांगता घेतल्या जाणाऱ्या ॲसिडिटीच्या गोळ्यांसकट
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट असतील तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम)

शेवटचे रिपोर्ट जिवाणूंसाठी लागत नाहीत. वजन न उतरण्याचं कारण थायरॉइड किंवा एखादं औषध असेल, तर बारा आठवडे आतड्यामागे लागून काहीच हाती येणार नाही. स्टेरॉइड, इन्शुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांशी बोला.

३. कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल, आतडं कुठे अरुंद असेल, क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल, तर तंतू वाढवण्याआधी विचारा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा केमोथेरपी चालू असेल तर जिवंत जिवाणू असलेले पदार्थ आणि कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्यं आणि फळांमधलं पोटॅशियम अडचणीचं ठरू शकतं. मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आहार बदलताच डोस जास्त पडू शकतो.

शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सततचा ताप, किंवा प्रयत्न न करता उतरणारं वजन यांपैकी काहीही असेल, तर हा आराखडा बाजूला ठेवून आधी तपासणी करा.

४. पहिला आठवडा: काहीच बदलू नका

हा आठवडा सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि तो टाळला की पुढचं काहीच मोजता येत नाही. नेहमीसारखं खा, फक्त लिहा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याअखेर सात आकड्यांची सरासरी काढा. एका दिवसाचं वजन पाणी, मीठ आणि आतड्यातल्या मालावर एक-दीड किलो सहज हलतं. कंबरेचा घेर आठवड्यातून एकदा, श्वास सोडून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. सोबत ब्रिस्टल प्रकार आणि पोट फुगण्याला ० ते १० मधले गुण लिहा.

मग तंतूंची बेरीज करा. दर १०० ग्रॅममागे साधारण आकडे असे:

- शिजवलेली मसूर ८ ग्रॅम, शिजवलेले काबुली चणे ७.५, शिजवलेला राजमा ६.५ ते ७
- शिजवलेले वाटाणे ५.५, गाजर २.८, सालीसकट सफरचंद २.४, केळं २.६
- कोरडे ओट्स १०, बदाम १२, चिया बी ३४
- शिजवलेला पांढरा तांदूळ ०.४

जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं अशी आहे. पुष्कळ लोकांची पहिली बेरीज १२ ते १८ च्या आसपास येते. तुमची तशी आली तर खट्टू होऊ नका. इतक्या खालून सुरुवात करणाऱ्याला सुधारायला वावही जास्त असतो.

५. दुसरा ते सहावा आठवडा: तंतू वाढवा, पण आठवड्याला ५ ग्रॅमच

बहुतेक लोक इथेच हरतात. काल १५ ग्रॅम खाणारा माणूस आज ४० ग्रॅम खातो. तंतू आंबवणाऱ्या जिवाणूंची संख्या अजून वाढलेली नसते, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर तयार होतो. तो वायू वापरून टाकणारे दुसरे जिवाणूही अजून पुरेसे नसतात. म्हणून पोट ढोलासारखं होतं. खाण्यातल्या बदलाने जिवाणूंची रचना दोन-चार दिवसांत हलू लागते, पण नवं संतुलन बसायला काही आठवडे जातात.

रोजचे ५ ग्रॅम वाढवा आणि आठवडाभर तिथेच थांबा. फुगण्याचे गुण ५ च्या वर असतील तर पुढची वाढ आणखी एक आठवडा लांबवा. ३० ते ३५ ग्रॅमला पोचलात की बास.

*कोणते तंतू?* सगळे तंतू जिवाणूंचं अन्न नसतात. इसबगोल हे उत्तम उदाहरण आहे. ते पाणी धरतं, शौच सुधारतं, पोटही भरल्यासारखं वाटतं, पण जिवाणूंना ते फारसं आंबवता येत नाही. गव्हाचा जाडा कोंडाही बराचसा तसाच बाहेर पडतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांनी जिवाणू पोसले जातील ही अपेक्षा ठेवू नका. जिवाणूंना भावणारे प्रकार असे: कांदा-लसणातलं इन्युलिन, कडधान्यांमधल्या गॅलॅक्टोजच्या साखळ्या, ओट्स आणि जवामधलं बीटा-ग्लुकन, सफरचंद आणि लिंबूवर्गीय फळांतलं पेक्टिन, आणि न पचणारा स्टार्च. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळे प्रकार लागतात, म्हणून एकच पावडर रोज घेण्यापेक्षा विविधता कामाची. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात आठवड्याला ३० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता १० पेक्षा कमी प्रकार खाणाऱ्यांहून जास्त आढळली. तीस हा जादूचा आकडा नाही. वहीत मोजत गेलात तर कडधान्यं, बिया, सुकामेवा आणि मसाले धरून तो वाटतो त्यापेक्षा सोपा जातो.

*कडधान्यं.* दुसऱ्या आठवड्यात शिजवलेले दोन मोठे चमचे, पुढे अर्धी वाटी, मग वाटी. ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी ओतून टाका आणि ताज्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या साखरेचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. राजम्याबाबत एक सूचना गंभीरपणे घ्या. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ते नष्ट व्हायला किमान १० मिनिटं खळखळून उकळी लागते. मंद आचेच्या भांड्यात तापमान तिथवर पोचलं नाही तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात. प्रेशर कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही.

*गार केलेला स्टार्च.* बटाटा किंवा भात शिजवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. परत गरम केला तरी तो बराचसा टिकतो. भात मात्र शिजल्यावर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढतो आणि त्याचं विष गरम करूनही जात नाही. परिणाम लहान आहे हेही ध्यानात असू द्या. गार केलेला भात हा वजन कमी करायचा उपाय नाही.

*अखंड दाणा.* पीठ आणि अख्खा दाणा यांत तंतू तेवढेच असले तरी पोटात घडतं ते वेगळं. बदामावरच्या २०१२ च्या मोजणीत २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला सुमारे १२९ किलोकॅलरी मिळाल्या. नेहमीच्या गणिताने त्या १६८ ते १७० येतात. न फुटलेल्या पेशींमधली चरबी तशीच पुढे जाते. बारीक वाटलं की हा फायदा घटतो. म्हणून स्मूदीपेक्षा फळ आणि बारीक पिठापेक्षा जाड भरड निवडा.

या टप्प्यातले नेहमीचे घोटाळे:

- वजन अर्धा-एक किलो वाढलं. आतड्यात आता जास्त माल आणि पाणी आहे, चरबी वाढलेली नाही. टेपचा आकडा बघा.
- बद्धकोष्ठता. तंतू वाढले, पाणी वाढलं नाही. दिवसाला दोन-तीन पेले वाढवा. इसबगोल कधीही कोरडं गिळू नका, ते घशात फुगून अडकू शकतं. त्याच्यात आणि औषधांत दोन तासांचं अंतर ठेवा.
- कांदा-लसणानेच त्रास. संवेदनशील आतड्याच्या लोकांना इन्युलिन जड जातं. ओट्स, गाजर आणि कच्चट केळं यांनी सुरुवात करा, कांदा शेवटी.
- भर घातली, काही काढलं नाही. वाटीभर चणे आले तर तेवढ्या उष्मांकाचं दुसरं काहीतरी ताटातून गेलं पाहिजे.

६. सातव्या आठवड्यापासून: आंबवलेले पदार्थ

स्टॅनफर्डमध्ये ३६ प्रौढांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. भरपूर तंतू खाणाऱ्या गटात त्याच काळात विविधता वाढली नाही. यावरून तंतू निरुपयोगी ठरत नाहीत, पण दोन्ही गोष्टींची कामं वेगळी दिसतात. तो प्रयोग वजन घटवण्यासाठी नव्हता, हे जाहिराती सांगत नाहीत.

रोज अर्धी वाटी साध्या दह्याने किंवा केफिरने (ताकासारखं आंबवलेलं दूध) सुरू करा आणि दोन आठवड्यांत दीड-दोन वाट्यांपर्यंत न्या. लेबलवर ‘जिवंत जिवाणू’ असं हवं. आंबवल्यानंतर गरम केलेल्या पदार्थात ते मेलेले असतात. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या भाज्या आंबवलेल्या नसतात. फळांच्या स्वादाच्या दह्यात साखर किती आहे तेही बघा.

घरी भाजी आंबवायची असेल तर भाजीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ घ्या. एक किलो कोबीला २० ते २५ ग्रॅम. मीठ चोळून सुटलेल्या पाण्यात भाजी पूर्ण बुडालेली ठेवा. हवेला उघडा राहिलेला तुकडाच आधी बुरशी धरतो. १८ ते २२ अंश सेल्सियसला एक ते तीन आठवडे लागतात. आम्लता पीएच ४.६ च्या खाली गेलेली असावी, त्यासाठी पट्ट्या मिळतात. रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळं टाका. रक्तदाब असेल तर हे मीठ दिवसाच्या हिशोबात धरा.

७. काय कमी करायचं

अतिप्रक्रिया केलेले पदार्थ (पाकिटबंद चिप्स, बिस्किटं, शीतपेयं असे), आणि तेही जिवाणूंच्या आधी कॅलरींसाठी. २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेलं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात त्यांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. हा फरक आधी सांगितलेल्या, तंतूंच्या आहाराने बाहेर गेलेल्या ११६ किलोकॅलरींच्या चौपटीहून मोठा आहे. सगळा आराखडा जमणार नसेल तर ही एकच पायरी करा.

कृत्रिम गोडवा देणाऱ्या पदार्थांबद्दल सावध राहा. १२० निरोगी प्रौढांवरच्या २०२२ च्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रालोज यांनी रक्तातल्या साखरेचा प्रतिसाद बिघडवला. त्यात जिवाणूंचा वाटा होता आणि प्रत्येकात परिणाम सारखा नव्हता. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे.

८. मधेच अँटिबायोटिक घ्यावं लागलं तर

डॉक्टरांनी दिलं असेल तर सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. जिवाणूंच्या काळजीने कोर्स अर्धवट सोडू नका. त्यानंतर आपलेआप प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल सुरू करण्याचा रिवाज पडला आहे, पण २०१८ च्या एका प्रयोगात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. कोर्स संपल्यावर तंतूंच्या जुन्या पातळीच्या निम्म्यापासून सुरू करून दोन आठवड्यांत वर या.

९. कॅप्सूल, किट आणि गुणोत्तर

‘फर्मिक्युटीस आणि बॅक्टेरॉइडेटीस यांचं प्रमाण बिघडलं आहे’ असं रिपोर्टवर आलं तर घाबरू नका. हे आतड्यातल्या जिवाणूंचे दोन मोठे गट आहेत. २००६ च्या सुमारास हे प्रमाण लठ्ठपणाशी जोडलं गेलं होतं. पुढे अनेक अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावर ते नातं फारच कच्चं निघालं. घरगुती किटवरून वजनासाठी कोणता आहार घ्यावा हे आज ठरवता येत नाही. त्याच पैशात वर्षभराची कडधान्यं येतात.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर जिवाणूच्या नावापुढचा वाणाचा क्रमांक बघा, कारण एका वाणाचा परिणाम दुसऱ्याला लागू होत नाही. लॅक्टोबॅसिलस गॅसेरीच्या एसबीटी२०५५ या वाणाने २०१० च्या जपानी चाचणीत १२ आठवड्यांत पोटातल्या चरबीचं क्षेत्र ४.६ टक्क्यांनी आणि वजन १.४ टक्क्यांनी घटवलं. ८० किलोच्या माणसाला ही घट किलोभर होते. अकरमान्सिया या आतड्यातल्या जिवाणूवर २०१९ मध्ये लहान चाचणी झाली. त्यात इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारला, वजनातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही.

दुसऱ्याचा मल घरच्या घरी स्वतःला देण्याच्या कृती इंटरनेटवर फिरतात. त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. चाचणीत दिलेल्या नमुन्यातूनही औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेल्याने एक मृत्यू झाला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्याचा इशारा दिला.

१०. बाराव्या आठवड्याअखेर

पहिल्या आणि बाराव्या आठवड्याची सरासरी वजनं, कंबर, ब्रिस्टल प्रकार आणि फुगण्याचे गुण शेजारी शेजारी लिहा. कंबर कमी आणि वजन तेवढंच असेल तर गाडी रुळावर आहे, पुढे चालू ठेवा. दोन्ही जागच्या जागी असतील तर तीन दिवस सगळं तोलून लिहा. बहुतेक वेळा तेल, सुकामेवा किंवा ‘आरोग्यदायी’ म्हणून वाढलेला एखादा घास तिथे सापडतो. तेही नसेल तर औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

शौच ३-४ वर स्थिर झालं असेल पण फुगणं अजून ५ च्या वर असेल, तर आहारतज्ज्ञाकडून फॉडमॅप (आतड्यात चटकन आंबणारी कर्बोदकं) वगळून एकेक परत आणण्याची पद्धत समजून घ्या. वगळण्याचा टप्पा सहा आठवड्यांपलीकडे लांबवू नका, कारण त्यात जिवाणूंचंच अन्न तुटतं.

प्रवासात किंवा आजारपणात तीन-चार दिवस तंतू कमी पडले तर परतल्यावर थेट ३५ ग्रॅमवर उडी मारू नका. पहिल्या दिवशी निम्मं, तिसऱ्या दिवशी पाऊण, पाचव्या दिवशी पूर्ण, आणि पाण्याचे पेले पहिल्या दिवसापासून पूर्ण.